आष्टीतला थंड समुद्र

सकाळी झाकण उचललं तर घंगाळातल्या पाण्यावर निळसर-हिरवी झाक आली होती, आणि मी मूर्ख बाई हरखून गेले. समुद्र मी तोवर फक्त कॅलेंडरवर पाहिलेला, आणि कॅलेंडरवर तो अगदी ह्याच रंगाचा असतो. मनाशी म्हटलं, कमल, इतके दिवस मॅडमच्या हाताला जे जमलं नाही ते तुझ्या हाताला जमलं, पाण्याला खरा रंग आला. मग ते घंगाळभर पाणी मगाने काढून मी मोठ्या काचेच्या टाकीत ओतलं, पदराला हात पुसले आणि घरी जाऊन गुढी उभारली.

त्या पाण्याने पुढे काय केलं ते सांगतेच. पण आधी मी कोण, आणि आष्टीत समुद्राचं काय काम, हे सांगायला हवं. नाहीतर म्हणाल, म्हातारीला ऊन लागलं.

आष्टीच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. मालक त्याच कॉलेजात शिपाई होते. ते गेल्यावर अनुकंपेवर मला घेतलं. माझं काम म्हणजे फॉर्मॅलिनच्या बरण्यांवरची धूळ पुसायची, प्रॅक्टिकलच्या दिवशी ट्रे मांडायचे, आणि बरणीतल्या सापाकडे बघून किंचाळणाऱ्या पोरींना पाणी द्यायचं. मला ह्या नोकरीचा फार तोरा होता. घरी सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, मी सांगत असे की मी शास्त्रात आहे. आत्याबाई म्हणत, "शास्त्रात हायस तर मंग ती दळनाची पिशवी घे आन् गिरनीत जा."

मग आमच्याकडे शुभदा मॅडम आल्या. नांदूरघाटकडच्या मेंढपाळाची लेक. परदेशात शिकून आलेली, पण बोलताना घाई झाली की 'लई' म्हणणारी. येताना ती डोक्यात प्रवाळ घेऊन आली.

प्रवाळ म्हणजे पोवळं. आपल्याला ते अंगठीतला खडा म्हणूनच माहीत. पण तो खडा म्हणजे घर. त्यात राहणारं ते जनावर. बाजरीच्या दाण्यापासून ज्वारीच्या लाहीपर्यंत कुठल्याही मापाचं, मऊ, तोंडाभोवती बारीक बारीक हात असलेलं. उबदार समुद्रातल्या प्रवाळाच्या अंगात एक सूक्ष्म शेवाळ राहतं आणि उन्हावर अन्न शिजवून त्याला घालतं. पाणी तापलं की शेवाळ निघून जातं, प्रवाळ पांढरं पडतं आणि उपाशी मरतं. थंड समुद्रातल्या काही जातींचं मात्र वेगळं. शेवाळ असलं तर तपकिरी दिसतात, नसलं तर पांढऱ्या, आणि दोन्ही जगतात. मॅडमना शोधायचं होतं की घरातली स्वयंपाकीण निघून गेल्यावरही ह्यांचा संसार कसा चालतो. ते कळलं तर तापत्या समुद्रात मरणाऱ्यांसाठी काही करता येईल, असं त्यांचं म्हणणं.

हे प्रवाळ परदेशातून मागवायचं तर परवानग्यांचा डोंगर. अधिकाऱ्यांनी विचारलं, परका जीव चुकून आपल्या समुद्रात सुटला तर? मॅडम म्हणाल्या, "साहेब, आमच्या आष्टीहून सुटला तर समुद्रापर्यंत पोचायच्या आत वाळून जाईल." माझ्या मते परवानगी ह्या एका वाक्यावर मिळाली. आपल्या कोरड्या तालुक्याचा कुणाला उपयोग झाल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आता टाकी कशी लावतात ते सांगते. हे काम मी पुढे आयुष्यभर केलं, तेव्हा सांगायचा मला हक्क आहे.

पहिलं पाणी. नळाचं किंवा बोरचं चालत नाही; त्यातले क्षार काढून ते कोरं करून घ्यायचं. त्यात समुद्राचं तयार मीठ कालवायचं. स्वयंपाकाचं नव्हे, ह्यात समुद्रात असतात ते सगळे क्षार मोजून घातलेले असतात. दुसरं, घुसळण. पाणी सतत हललं पाहिजे, कारण प्रवाळ जागचं हलत नाही. जेवण त्याच्या दारात यायला हवं. तिसरं, मळी काढणं. गुऱ्हाळात उसाचा रस उकळताना वर येणारी मळी झाऱ्याने काढतात ना, तसं एक नळकांडं असतं. हवेचे बुडबुडे सोडून ते पाण्यातली घाण फेसावर उचलतं. चौथं, थंडावा. बाहेर लोक सावलीला बसूनही घामाघूम, आणि टाकीत मात्र हिवाळ्यातल्या पहाटेच्या रांजणासारखं गार पाणी हवं. त्यासाठी चिलर लागतो, आणि त्याला वीज लागते, आणि विजेबद्दल मी लिहायला लागले तर हा अंक त्यातच संपेल.

पाचवं सगळ्यात महत्त्वाचं. प्रवाळ खातं तसं घाणही करतं. ती घाण म्हणजे विष. तिला खाऊन टाकणारे जंतू टाकीतल्या दगडांवर, स्पंजावर वाढावे लागतात, आणि त्याला एक-दीड महिना लागतो. मॅडम हे वर्गात इंग्रजीत समजावत होत्या आणि पोरं जांभया देत होती. मी ट्रे पुसता पुसता म्हणाले, "म्हणजे पाण्याला विरजण लावायचं." मॅडम थांबल्या. पुढच्या तासापासून त्या विरजणच म्हणू लागल्या, आणि मी महिनाभर कॉलेजात मान ताठ करून हिंडले.

विरजणावरून आठवलं. आत्याबाईंचा एक नेम होता: घरातलं विरजण कधी संपू द्यायचं नाही. शेजारणीच्या दारात विरजणासाठी वाटी घेऊन उभं राहणं म्हणजे त्यांच्या लेखी घराण्याची अब्रू गेली. म्हणून नेहमी एक वाटी वेगळी, फडताळाच्या मागे. ती सवय मला लागलेली. टाकीत जंतू तयार झाल्यावर मी त्यातला एक स्पंज आणि चार दगड काढून स्टोअरमध्ये प्लॅस्टिकच्या बादलीत ठेवले आणि एक छोटा हवेचा पंप लावून दिला. अधूनमधून माशांच्या खाण्याची चिमूटही टाकायची, जंतू उपाशी राहू नयेत म्हणून. मॅडमनी एकदा विचारलं, "मावशी, ही बादली कशाला?" म्हटलं, "असू द्या." त्यांनी असू दिली.

धातूबद्दल मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. टाकीच्या पाण्याला धातू लागू द्यायचा नाही. मी मान डोलावली. धातू म्हणजे लोखंड, लोखंड म्हणजे गंज, एवढं मला समजलं, आणि बाकीचं समजायची गरज वाटली नाही.

आता घंगाळाकडे येते.

प्रवाळ दोन दिवसांत मुंबईला उतरणार होतं. टाकी तयार होती; आत कोकणातून आणलेल्या समुद्री गोगलगायी सोडल्या होत्या. त्या आमच्या चाचणीच्या. त्या सुखात, तर पाणी बरोबर. मॅडम पाडव्याला नांदूरघाटला घरी गेल्या होत्या आणि जाताना सांगून गेल्या होत्या की थोडं पाणी बदलून ठेवा. पाडव्याच्या आदल्या दिवशी मीठ कालवायचा प्लॅस्टिकचा ड्रम बुडाला तडकला. दुकानं बंद व्हायला आलेली. घरी गेले तर आत्याबाई गुढीवरच्या तांब्याला चिंच लावत बसलेल्या, आणि शेजारी त्यांच्या लग्नात आलेलं तांब्याचं मोठं घंगाळ. माझ्या डोक्यात वीज चमकली. परदेशातून पाहुणे यायचेत, आणि त्यांचं पाणी तडकलेल्या प्लॅस्टिकात? देवाचं पाणी आपण कशात ठेवतो? तांब्यात. गंगा कशातून येते? तांब्याच्या गडूतून. आत्याबाई तांब्या घेऊन आत गेल्यावर मी घंगाळ परसात ओढलं, स्वतः बसून चिंचेने आतून असं घासलं की तोंड दिसावं, आणि पोराच्या मोटारसायकलवर बांधून कॉलेजात नेलं. पाणी ओतलं, मीठ कालवलं, हवेचा पंप सोडला आणि झाकण घातलं. सकाळी समुद्राचा रंग.

पाडव्याला पुरणपोळी खाऊन दुपारी मी टाकी बघायला गेले. गोगलगायी काचेवरून सुटून तळाशी पडलेल्या होत्या. एकीला काडीने हलवलं. ती हलली, पण स्वतःहून नाही.

मॅडमना फोन लावला. "मॅडम, गोगलगायी आडव्या झाल्यात."

"किती?"

"सगळ्या."

ऊन उतरायच्या आत त्या आल्या. जीपमधून उतरल्या तेव्हा हातात आईने दिलेला पोळ्यांचा डबा तसाच. डबा टेबलावर ठेवून त्यांनी टाकीतलं पाणी छोट्या नळीत घेतलं, तपासणीचे थेंब घातले. पाण्याचा रंग बदलला तसा त्यांच्या चेहऱ्याचाही.

"मावशी, पाणी कशात कालवलं?"

"घंगाळात."

"कसलं घंगाळ?"

"आमचं, घरचं. चिंच लावून लख्ख घासलेलं, मॅडम. अगदी सोन्यासारखं."

मॅडम स्टुलावर बसल्या. हातातली नळी नीट स्टँडमध्ये ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "तांब्याचं." आणि मग, "मावशी, विमान निघालंय."

मला तेव्हा जे कळलं नव्हतं ते तुम्हाला सांगते. माणसाला तांब्यातलं पाणी मानवतं. गोगलगाय, झिंगा, प्रवाळ अशा बिनकण्याच्या जिवांना पाण्यातलं चिमूटभर तांबंही विष आहे. आणि ते नुसतं पाणी बदलून जात नाही. दगडात, वाळूत जिरून बसतं आणि हळूहळू पुन्हा सुटतं. म्हणजे महिना-दीड महिना विरजण लावून तयार केलेली टाकी मी एका घंगाळात संपवली होती. तिकडे प्रवाळाचे बारा तुकडे हवेत होते. परवानगी एकदाच आणण्याची. परत पाठवता येणार नाहीत, मेले तर दुसरे मागवता येणार नाहीत, आणि मॅडमची सगळी उमेदीची वर्षं त्या बारांत अडकलेली.

"रडायचं असेल तर आत्ता रडून घ्या," मॅडम म्हणाल्या. "पुढे वेळ मिळणार नाही."

"रडत नाही मी. घाम आहे हा," मी म्हणाले. ते खोटं होतं.

"दगड, वाळू सगळं टाकायचं. काच आणि नळ्या व्हिनेगरने धुवायच्या. पाणी नवं. ते जमेल. पण जंतू कुठून आणू? प्रवाळं तशीच नव्या टाकीत सोडली तर स्वतःच्याच घाणीने मरतील."

मी स्टोअरकडे बोट केलं. "बादली."

त्यांना आधी समजलं नाही. मग त्या उठल्या, जवळजवळ धावल्या. बादलीतलं पाणी नळीत घेतलं, थेंब घातले. रंग बदलला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हसल्या म्हणवत नाही, पण खांदे खाली आले.

"एवढ्याशा विरजणात एवढं दूध लागेल?" मी विचारलं.

"लागेल. पण वेळ घेईल. तोवर त्यांना दुसरीकडे ठेवावं लागेल. छोट्या टबांत, रोज पाणी बदलून. आणि थंड जागी." त्यांनी भिंतीवरच्या पंख्याकडे पाहिलं. तो गरम हवा ढकलत होता. "मी मुंबईला जाते, त्यांना घेऊन येते. तोवर मावशी, हे सगळं तुमचं."

रागाचा एक शब्द बोलल्या नाहीत मला. त्या बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी टाकी उपसायला घेतली. कॉलेजच्या मागे सांडपाण्यासाठी पक्का हौद बांधलेला होता. खारं पाणी जमिनीत जिरू नये म्हणून तिथे उन्हात आटवायचं. पाईप तिकडे सोडला. मॅडमनी जाताना हौदाभोवती बाभळीच्या फांद्या लावायला सांगितल्या होत्या, कारण मेंढरं खारट चाटायला येतात आणि मेंढराला तांबं फार बाधतं. मेंढपाळाची लेक, स्वतःची बाराच्या बारा जनावरं जाताना दिसत असताना तिला परक्याची मेंढरं आठवली.

पाईपातून पाणी पडताना दिसलं आणि पाठीमागच्या वस्तीतल्या बायका घागरी घेऊन आल्या. चैत्राचे दिवस, टँकरची वाट बघणारं गाव. पुढची म्हणाली, "बाई, कावून फेकायलाव इतकं पानी? काही वाटतं का तुमाला?"

"खारट हाय."

"आमचं बोर कुठं गोड हाय? द्या इकडं."

मी नको नको म्हणेपर्यंत तिने बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकली. "आगं बया, ह्यो तर लोनच्याचा खार हाय."

"समुद्राचं पानी हाय."

"आष्टीत?"

"हो. पन बिघडलंय."

ती घागर कमरेवर घेऊन विचारात पडली. "समिंदर कशानं बिघडतो गं?"

ह्याचं उत्तर मला आख्ख्या तालुक्यात सगळ्यात चांगलं ठाऊक होतं. मी बाभळीच्या फांद्या लावायला वळले.

मग नवं पाणी. आमच्या प्रयोगशाळेचं पाणी कोरं करायचं यंत्र थेंब थेंब देणारं. त्याच्या भरवशावर टाकी भरायची तर श्रावण आला असता. म्हणून जारवाल्याला फोन केला. त्याचं पाणी मॅडमनी जाण्याआधी तपासून पसंत केलं होतं. मी सांगितलेला आकडा ऐकून तो म्हणाला, "लग्न कुनाचं हाय मावशी?"

"लग्न न्हाई. पाव्हणे येतायत परदेशातून."

"मंग साधं देऊ का थंड?"

"थंड. त्यांना आपला उन्हाळा सोसत न्हाई."

पाहुण्यांसाठी म्हणून वर प्लॅस्टिकचे ग्लासही फुकट ठेवून गेला. ते ग्लास पुढे मी प्रवाळाचं खाणं कालवायला वापरले, म्हणजे तो काही अगदीच फसला नाही.

राहिली थंड जागा. आष्टीकडे पीक कमी पण दूध भरपूर. दूध संकलन केंद्रात कोल्ड रूम असते, आणि तिच्या बाहेर एक खोली, जिथे फार गार नाही आणि ऊन तर नाहीच. केंद्राचे भाऊसाहेब म्हणजे तालुक्याच्या राजकारणातलं वजनदार माणूस. पांढरे कपडे, दोन फोन, बोटांत अंगठ्या. मी पदर सावरून उभी राहिले.

"भाऊसाहेब, बारा जनावरं ठेवायचीत थोडे दिवस. गार खोलीत."

"जनावरं? डेरीत? वास मारल की."

"वास न्हाई, आवाज न्हाई, शेन न्हाई."

"दूध?"

"न्हाई."

"मंग कशाला पाळायलाव?"

मी समजावलं. पोवळ्याचं नाव ऐकताच त्यांनी हात पुढे केला. एका बोटात लाल पोवळं. "ह्येच का? आमच्या जोतिष्यानं सांगितलं, मंगळ कडक हाय, पोवळं घाला. खरं की खोटं कोन बघनार. तुमच्याकडं जित्तं येनार म्हंता? मंग एक आपल्याला."

"भाऊसाहेब, ती थंड मुलखातली हायत. तिकडला मंगळ आपल्याला लागू पडल का, कुनी सांगावं? उलटा पडला म्हंजे? तोंडावर निवडनूक हाय."

भाऊसाहेब मोठ्याने हसले. कामगाराला हाक मारून म्हणाले, "ए, बाईंना बाहेरची खोली दाखव. आन् दुधाच्या कॅनला ह्यांचं काई लागलं न्हाई पायजे."

मॅडम आल्या त्या थर्मोकोलच्या पेट्या मांडीवर घेऊनच. डेरीच्या त्या खोलीत आम्ही पेट्या उघडल्या. आतल्या पिशव्यांत अंगठ्याएवढे दगड. काही तपकिरी, काही पांढरेफटक. पांढरे बघून मी ओरडले. "मॅडम, अर्धे गेले."

"कोण गेले? ती अशीच असतात. स्वयंपाकीण नसलेली. शिकवलं होतं मी तुम्हाला."

शिकवलं होतं. भीतीने डोक्यातून सगळं धुऊन गेलं होतं.

मग रोज सकाळ-संध्याकाळ मी डेरीत. टबांतलं पाणी बदलायचं, तापमान बघायचं, हवेचे पंप चालू आहेत का बघायचं. दूध घालायला येणारे लोक कॅन ठेवून खोलीत डोकावत. "काय करायल्यात आज तुमचे पाव्हणे?" मी म्हणे, "झोपलेत." खरोखरच सगळे मिटून बसलेले. प्रवासाने शिणलेलं प्रवाळ आत ओढून घेतं आणि नुसता दगड दिसतो. जिवंत की मेलेलं, बाहेरून कळत नाही. त्यातलं एक पांढरं सडायला लागलं. ते मॅडमनी उचलून वेगळं केलं, आणि ते गेलं. प्रवासाने गेलं, की पाणी बदलताना माझ्या हातून काही कमीजास्त झालं, ते कधी कळलं नाही. मॅडम म्हणाल्या, असं होतं. असेल. मला ते अजून आठवतं, कडेला जरा टवका उडालेलं.

इकडे टाकीत बादलीचं विरजण सोडलं होतं. जंतूंना खायला मिळावं म्हणून रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकत होते आणि मॅडमच्या थेंबांनी तपासत होते. आधी पाणी घाणीच्या विषाचा रंग दाखवायचं, मग कमी, मग आणखी कमी. एक दिवस रंग आलाच नाही. मी नळी उजेडात धरून दोनदा पाहिली. मग नव्या गोगलगायी सोडल्या. त्या काचेवर चढल्या आणि चढलेल्याच राहिल्या. मॅडम म्हणाल्या, "आता एक तुकडा नेऊ. कुठला ते तुम्ही ठरवा."

मी पांढऱ्यातला एक उचलला. ज्यांना मी मेलेले म्हटलं होतं त्यांच्यातला. त्या दिवशी आम्ही दोघी टाकीसमोर बसून राहिलो, मळणीनंतर वारा सुटायची वाट बघतात तशा. प्रवाह त्या दगडावरून जात होता. मॅडमनी लांब नळीने झिंग्यांची अगदी बारीक पिल्लं त्याच्यावर सोडली. काही झालं नाही. पुन्हा सोडली. मग त्या दगडाच्या एका खळग्यातून काहीतरी वर आलं, काचेसारखं पारदर्शक. चष्मा लावूनही मला आधी दिसलं नाही. त्याच्याभोवती बारीक बोटं पसरली. एका बोटाने पिल्लू धरलं आणि आत नेलं. मग शेजारचा खळगा उघडला. मग त्याच्या पलीकडचा. थोड्या वेळात त्या अंगठ्याएवढ्या दगडावर सगळं घर जेवायला बसलं होतं.

"मावशी, आता रडा," मॅडम म्हणाल्या. पण तेव्हा त्याच रडत होत्या.

ते अकरा तुकडे जगले, वाढले, त्यांचे मॅडमनी आणखी तुकडे केले, ते दुसऱ्या प्रयोगशाळांना परवानगीने गेले. प्रवाळ जिथे जाई तिथे टाकी लावायला मॅडम मला पाठवत. एसटीने, पिशवीत स्पंज, बाटलीत विरजण. मोठमोठ्या संस्थांत काचेच्या दारांपाशी चौकीदार अडवत, "आजी, कुणाकडे?" मी म्हणे, "समुद्र लावायला आलेय." तिथली हुशार पोरं मला आधी चहा आणायला आलेली बाई समजत, आणि मग दिवसभर माझ्या मागे वही घेऊन फिरत. मला दोन्ही आवडायचं. चहासुद्धा मी चांगलाच करते. टाकी लावली की पहिल्यांदा सगळीकडे हात फिरवायचा: कुठे पितळेचा स्क्रू, पितळेची क्लिप, नळाच्या तोटीला तांब्याचा जोड. एका ठिकाणी खंडेनवमीला तिथल्या शिपाईमामांनी चिलरला हळदकुंकू वाहून वर तांब्याचा कलश ठेवला होता, थेट टाकीच्या कडेवर. मी तो दोन्ही हातांनी उचलला तेव्हा मामा म्हणाले, "आजी, पूजा विटाळेल." मी म्हटलं, "पूजा खाली मांडा. समुद्राला सोवळ्याची ॲलर्जी असते." त्या कलशाचा एक थेंबही आत गेला नव्हता. तरी संध्याकाळपर्यंत मी चारदा थेंब घालून पाणी तपासलं.

निवृत्त झाले त्या दिवशी कॉलेजने शाल आणि नारळ दिला, आणि मॅडमनी थेंबांची पेटी दिली. ती मी घरी वापरते. नातीच्या माशांच्या भांड्याचं पाणी तपासते, आणि ती मला "शास्त्रज्ञ आजी" म्हणते. मी तिला दुरुस्त करत नाही.

पण गोष्ट तिथे संपत नाही, कारण घंगाळ राहिलं. त्या पाडव्यानंतर मी ते गुपचूप घरी आणून जागेवर ठेवलं होतं. आत्याबाईंनी त्यात डोकावून पाहिलं होतं आणि एवढंच विचारलं होतं, "आतून इतकं उजळलं कशानं?" मी "चिंचेनं" म्हणून निसटले. टाकीत सगळी अकराच्या अकरा उघडली तेव्हा मला राहवेना. आत्याबाईंना रिक्षाने कॉलेजात नेलं. मोतीबिंदूचं नवं ऑपरेशन झालेलं. काळा चष्मा काढून त्यांनी काचेला नाक लावलं. मॅडमनी त्यांच्यासाठी स्टूल आणलं. प्रवाळाने झिंगा धरलेला बघून आत्याबाई म्हणाल्या, "ह्ये तर जेवायलंय की गं." आणि बराच वेळ बघत राहिल्या.

तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. घंगाळ, चिंच, रात्रभर भिजलेलं मीठ, निळा रंग, मेलेल्या गोगलगायी, उपसलेली टाकी, डेरी. देवाचं पाणी तांब्यात ठेवतात म्हणून मी असं केलं, हेही सांगितलं. मॅडम मान खाली घालून ऐकत होत्या.

आत्याबाईंनी काळा चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, "आगं शास्त्रातले, तांब्याच्या भांड्यात आपन वाटीभर ताक ठिवत न्हाई, आन् तू त्यात समिंदर ठिवलास व्हय?"